आवक-जावकची भिंत

सरकारी ऑफिस रंगवायला घेतलं की मी आधी भिंतीवरची डोकी मोजतो. खरी डोकी नव्हेत, त्यांचे डाग. प्रत्येक बाबूच्या खुर्चीमागे भिंतीवर तेलाचा एक गोल डाग असतो. वीस-वीस वर्षं माणूस एकाच जागी डोकं टेकून बसतो. डोक्यातलं कागदावर काही उतरत नाही, भिंतीवर तेल मात्र भरपूर उतरतं. डागांच्या उंचीवरून कोण हेडक्लार्क आणि कोण साधा, हे मी त्यांचं तोंड न बघता सांगू शकतो. तोंड बघायची मला हौसही नव्हती. कोपऱ्यात खर्र्याच्या पिचकाऱ्या, देवाच्या फोटोखाली उदबत्तीची काजळी, कॅलेंडरसाठी जागोजागी ठोकलेले खिळे. अशा लोकांच्या भिंती रंगवून मी पोट भरत होतो. माझं नाव भूपेंद्र. गोंदियात पेंटिंगचे ठेके घेणारा माणूस म्हणून लोक मला ओळखत.

हे ऑफिस नवेगाव बांधकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका गावाबाहेर होतं. कोणतं खातं ते सांगत नाही. सांगितलं तरी फरक पडणार नाही, सगळी सारखीच असतात. खाली एक मोठा हॉल, साहेबांची खोली आणि रेकॉर्ड रूम. वर दोन खोल्या. मे महिन्यात लागून तीन सुट्ट्या आल्या होत्या आणि सोमवारी नागपूरहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. तपासणी आहे तर चार फायली हातावेगळ्या कराव्यात, हे तिथल्या एकाच्याही मनात आलं नसावं. भिंती रंगवून घ्यायचं मात्र ताबडतोब सुचलं. आधीचा हिरवा रंग घालवून हस्तिदंती लावायचा होता.

माझे वडील दुर्गाप्रसाद हेच काम करत. त्यांच्या काळी चालू ऑफिसातच रंग व्हायचा आणि बाबू काही खुर्चीतून उठायचे नाहीत. त्यामुळे वडिलांनी एक पद्धत पाडली होती. बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. त्याच्या डोक्या-खांद्यांभोवती ब्रशने बारीक कड काढून घ्यायची, आम्ही तिला कटिंग म्हणतो, आणि तो जेवायला उठला की राहिलेली जागा भरून टाकायची. लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबू पेपर वाचतोय आणि माझा बाप श्वास रोखून त्याच्या कानाजवळून ब्रश फिरवतोय. मला तेव्हाही त्याची चीड यायची. वडील सज्जन होते, म्हणजे धंद्यात कच्चे होते. मी धंदा हातात घेतल्यावर पहिलं काम केलं ते हे, की ऑफिसचं काम फक्त सुट्टीत घ्यायचं. किल्ली द्या आणि चालते व्हा.

वडिलांकडून मला दोन वस्तू मिळाल्या, एक लाकडी शिडी आणि एक बिसराम. शिडी मी विकून टाकली. बिसराम राहिला.

तो बिरसी गावचा. साठी कधीच ओलांडलेली. ब्रश कसा धरायचा हे मला त्यानेच शिकवलं आणि तेव्हा मी त्याला काका म्हणायचो. मालक झाल्यावर बिसराम म्हणू लागलो, अरे-तुरे करू लागलो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते नीट झालं नाही. एका घरी त्याने अर्धी चौकट तशीच सोडली आणि मालकिणीसमोर माझी मान खाली गेली. तेव्हाच मी ठरवलं होतं, याला आता काढायचा. त्याला कुणकुण लागली असावी. हे काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, घरी बसलो त मी मरून जाईन. मले काम दे."

"तुले दिसत नाही, काम कुठून देऊ?"

"दिसते जी. तू पाहून घे."

मी म्हटलं, ठीक आहे. खालचा हॉल तुझा. चारातली एक भिंत जरी चुकली तरी घरी बसायचं आणि पुन्हा माझ्या दारात उभं राहायचं नाही. तो हो म्हणाला. कामावरून काढलेल्या अधू डोळ्याच्या पेंटरला दुसरा कोणीही ठेवत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणजे त्याचं सगळं त्या चार भिंतींवर येऊन ठेपलं होतं. मला त्यात मजाच वाटत होती, खोटं कशाला सांगू.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास मी मोटरसायकलवरून तिथे पोचलो. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आवारातल्या कडुनिंबाखाली इंद्रकुमार शिपाई डबा उघडून बसला होता. वर माझी दोन माणसं छताला रंग मारत होती. मी हॉलचं दार ढकललं.

धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून खिडक्या बंद करून काचांना पेपर चिकटवले होते. त्यातून येणारा उजेड पिवळट, आजारी वाटत होता. पंखा वर गरम हवाच ढवळत होता. टेबलं, कपाटं सगळी हॉलच्या मधोमध ओढून त्यावर प्लास्टिक टाकलेलं. मी तीन भिंती बघितल्या. खोड काढायला गेलो होतो, पण काढता येईना. कड सरळ, रंग एकसारखा, कुठे ओघळ नाही. म्हातारा परीक्षेत उतरला, असं मनात म्हणालो आणि थोडा खट्टूच झालो.

चौथ्या भिंतीशी, रेकॉर्ड रूमच्या दारालगत, एक टेबल आणि एक खुर्ची तशीच भिंतीला लागून होती. ती हलवलीच नव्हती. आणि खुर्चीच्या पाठीच्या वर भिंत रंगवायची सोडली होती.

नुसती सोडली नव्हती. डोकं, दोन कान, मान, उतरते खांदे. बसलेल्या माणसाभोवती जशी कटिंग मारतात तशीच, केसाइतक्या बारीक रेषेने मारली होती. उजवा कान थोडा बाहेर आलेला होता, तोही नीट काढला होता. आत जुनी, बोडकी भिंत दिसत होती.

"बिसराम, हे काय लावलं आहे?"

तो लगबगीने आला आणि माझं कोपर धरून मला बाजूला नेऊ लागला.

"हळू बोल ना भाऊ... ते बसून आहेत."

"कोण?"

"साहेब. सकाळपासून बसून आहेत. मी म्हटलं, साहेब, जरा बाजूला होता का जी... काही बोललेच नाहीत. मंग मी सोडून मारलं. उठले का भरून टाकतो."

मी खुर्चीकडे बघितलं. लाकडी खुर्ची, वेताची बैठक, वर कोणी नाही. मला हसू फुटलं आणि लगेच डोकं सणकलं. हे डोळे घेऊन हा माझ्याकडे काम मागायला आला होता. आणि मीही मूर्ख, याला अख्खा हॉल देऊन बसलो होतो.

"पिऊन आला का?"

"पोरीची आन भाऊ, थेंब नाही."

"खुर्ची रिकामी आहे, बिसराम."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आंधळा आहे. पुन्हा खुर्चीकडे बघितलं. मग आणखी हलक्या आवाजात म्हणाला, "असं तोंडावर नाही बोलाव जी..."

मी रोलर उचलून त्याच्या हातात कोंबला. म्हटलं, माझ्यासमोर ही जागा आत्ता भर. भरलीस तर तू माझ्याकडे हात चालेपर्यंत राहशील, वर्षभर नाही, कायमचा. नाही भरलीस तर निघ. यापेक्षा सोपा सौदा मी कोणाला दिला नव्हता. एका रिकाम्या खुर्चीवरून रोलर फिरवायचा, बस.

बिसरामने रोलर बादलीत बुडवला, जाळीवर निथळला. खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. हात वर केला. मग त्याने हात खाली घेतला.

"नाही होत भाऊ. जित्या माणसाच्या तोंडावर रंग कसा मारू?"

"मग जा."

त्याने रोलर ठेवला. आपला ब्रश पाण्यात धुतला, झटकला, फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला. इतकं होऊनही ब्रश धुवायचं त्याला सुचलं, याचाही मला राग आला. दाराशी थांबून त्याने हात जोडले. मला नव्हे, त्या खुर्चीला. मग तो उन्हात निघून गेला. बसथांबा तिथून दोन किलोमीटर होता.

मी बाहेर जाऊन इंद्रकुमारला विचारलं, ती खुर्ची कोणाची.

"ते आवक-जावकची होय. पद रिक्त आहे जी."

"कधीपासून?"

"एकोणीस वर्षं त मीच पाहून राहिलो. त्याच्या आधीचं नाही माहीत."

"कोणी मेलं-बिलं का तिच्यावर?"

त्याने भाताचा घास चावत माझ्याकडे बघितलं. "कोणी बसलंच नाही, त मरन कोण?"

"मग खुर्ची कायले ठेवली?"

"पद मंजूर आहे ना." हे तो अशा थाटात म्हणाला की पुढे काही विचारायची सोय नव्हती. "मी रोज पुसतो. पाण्याचा गिलासबी ठेवतो."

"रिकाम्या खुर्चीले पाणी?"

"माह्या आधीचा शिपाई ठेवे, म्हणून मीबी ठेवतो. संध्याकाळी गिलास खाली राहते."

राहणारच. एवढे बाबू आयतं पाणी सोडतील थोडंच? मी तसं म्हणालोही. इंद्रकुमार हसला नाही. डबा बांधून त्याने किल्ली माझ्या हातात दिली, चार वाजता येतो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून घरी गेला. वरची दोघंही चौकात जेवायला गेली. इमारतीत मी एकटाच उरलो. तेवढ्यात लाइट गेली आणि पंखा हळूहळू थांबला.

पंखा थांबल्यावर कळलं की हॉल किती शांत आहे.

मी त्या भिंतीपाशी गेलो. जवळून बघितल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, जी लांबून कळली नव्हती. सोडलेल्या जागेत बिसरामच्या आधीचा हिरवा रंगही नव्हता. तिथे नुसता सिमेंटचा गिलावा होता. ही जागा आजवर झाकलेली होती. तिथे नागरिकांची सनद लिहिलेला मोठा बोर्ड लटकत असे, किती दिवसांत कोणतं काम होईल त्याच्या थापा असलेला. बिसरामने तो उतरवून बाजूला ठेवला होता. मी कडेवरून बोट फिरवलं. बोटाला पायरी लागली. खिशातला खरवडायचा पत्रा काढून कड जराशी सोलली तेव्हा थर मोजता आले. वर आजचा हस्तिदंती, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा, मग फिका गुलाबी, मग चुना. सगळे थर त्याच रेषेवर येऊन थांबत होते. त्या कानाला धरूनसुद्धा.

चुन्याच्या थरात निळसर झाक होती. चुन्यात चिमूटभर जास्तीची नीळ टाकायची सवय गोंदियात एकाच पेंटरला होती. तो माझा बाप.

म्हणजे वडीलही इथे येऊन गेले होते. इथे उभे राहून, श्वास रोखून, त्यांनी त्या कानाभोवती ब्रश फिरवला होता आणि कोणी उठायची वाट बघितली होती. संध्याकाळपर्यंत बघितली असेल. मला भीती वाटायला हवी होती. मला त्यांची कीव आली. एका रिकाम्या खुर्चीपुढे वाकणारी ही माणसं, यांच्यात मी वाढलो! मी रोलर उचलला.

पहिला हात खांद्यावरून मारला. भिंतीवर रोलर फिरतो तेव्हा एक कोरडी खसखस येते. तशी आली नाही. रोलर किंचित आत दबला. गिलावा ओला असेल असं वाटलं म्हणून मी बोटाने दाबून बघितलं, तर भिंत दगडासारखी टणक. पुन्हा रोलर लावला, पुन्हा दबला. एखाद्याच्या सदऱ्यावरून हात फिरवावा तसा तो मऊ जात होता. गुडघे खुर्चीला टेकवून मी पुढे वाकलो होतो आणि माझ्या लक्षात आलं की वास रंगाचा येत नाहीये. आवळ्याच्या तेलाचा येतोय. आणि त्याखाली कपाटात पडून राहिलेल्या कागदांचा.

मी मानेवरून गेलो. मग चेहऱ्यावर.

तिथे रोलर अडला. सपाट भिंत, डोळ्यांसमोर सपाट, आणि रोलर मधोमध एका उंचवट्यावर अडला होता. मी जोर लावला. तो उंचवट्यावरून चढला आणि पलीकडे उतरला. माझ्या मनगटाला गरम वारा लागला. थांबला. पुन्हा लागला. नियमित...

अशा वेळी माणूस पळतो. मी पळालो नाही, कारण पळालो असतो तर बिसराम खरा ठरला असता. मी रोलर पुन्हा बादलीत बुडवला, निथळलाही नाही, आणि तसाच त्या तोंडावर दाबून वर-खाली फिरवला. रंग खाली ओघळू लागला. माझा आवाज मला चिरका ऐकू आला.

"उठा साहेब," मी म्हणालो. "तुमची बदली झाली."

खुर्ची वाजली. वजन उतरल्यावर वेत जसा कुरकुरतो तशी. मग तिचे मागचे दोन पाय फरशीवरून घासत, बोटभर, बाजूला सरकले. माझे गुडघे तिला टेकलेले होते. मी हललो नव्हतो.

पुढचा हात मारला तेव्हा रोलर खसखसला. भिंत होती, नुसती भिंत. वास गेला होता. मी दुसरा हात मारून घेतला, ओघळ पुसले, आणि लाइट आल्यावर बाजूने उजेड पाडून बघितलं तर कुठे काही खूण नव्हती, ती पायरीसुद्धा नव्हती. माझा शर्ट घामाने चिंब झाला होता. मी स्वतःला समजावलं की उकाडा होता, रिकाम्या पोटी आलो होतो, म्हाताऱ्याने डोक्यात किडा सोडला होता.

सोमवारी तपासणी झाली. मोठे साहेब हॉलमध्ये पाच मिनिटं उभे राहिले, भिंती छान झाल्या म्हणाले आणि जेवायला गेले. एकही फाईल उघडली नाही. मी जिंकलो होतो. बिसराम घरी बसला होता.

दोन आठवड्यांनी मी गोंदियात उमेंद्र शेठच्या राइस मिलमागचं ऑफिस रंगवलं. माणसं कमी पडली म्हणून आतली मोठी भिंत मीच मारली. काम दाखवायला शेठला बोलावलं तर तो भिंतीकडे बघत राहिला.

"भूपेंद्रभाई, ये आदमी के साइज का काहे छोड़ दिए?"

"कुठं?"

"अरे यहाँ! सामने!"

भिंत भरलेली होती. मी हात फिरवला, कुठे कड नाही, पायरी नाही. शेठ लोकांना खोड काढल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी हो-हो करून पुन्हा एक हात मारला. शेठ म्हणाला, अजून तसंच आहे. झाडणाऱ्या पुष्पाबाईला विचारलं, ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "हाव जी, माणसावानी दिसते." शेवटी वैतागून शेठने मोबाइलवर फोटो काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

फोटोत मला दिसलं. भिंतीवर उभ्या माणसाची जागा सोडलेली होती. बसलेल्या नव्हे, उभ्या. केसाइतक्या बारीक कटिंगने. दोन्ही कोपरं बाहेर आलेली आणि हात चेहऱ्याशी नेलेले. उजवा कान थोडा बाहेर होता.

मी मान वर करून भिंतीकडे बघितलं, तर ती भरलेलीच होती.

माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. जागा शेठलाही दिसत होती, मला त्या जागेतला माणूस दिसणारा पेंटर पाहिजे होता आणि असा एकच मला ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिरसीला गेलो. मोटरसायकल त्या दिवशी मागून जड वाटत होती. विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांचं एक छोटं विमान गावावरून घिरट्या घालत होतं.

बिसराम अंगणात उकिडवा बसून घराचं दार रंगवत होता. त्याची बायको, रुख्माकाकू, विहिरीवर होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि कडवटपणे म्हणाल्या, "तिसऱ्यांदा रंगवून राहिले तेच दार. हात रिकामे बसत नाहीत त्याइचे. रात्री झोपतबी नाहीत." मला लाज वाटली. अगदी उघडी, सरळ लाज. मी या माणसाचा हात थांबवला होता, आणि तोही तो खरं बोलला म्हणून.

"काका," मी म्हणालो. वीस वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला.

बिसराम उठला. पण माझ्यासाठी नाही. त्याने ब्रश खाली ठेवला, पंच्याला हात पुसले आणि माझ्या खांद्यामागे बघून वाकला.

"या जी साहेब, या." घाईने त्याने खाट ओढली, वरची गोधडी झटकली. मग माझ्याकडे वळून दटावणीच्या सुरात म्हणाला, "त्याइले इतके दिवस उभं काऊन ठेवलं रे?"

मी मागे वळून बघितलं नाही. मान वळतच नव्हती.

"काका, मी चुकलो. तुम्ही कामावर चला. उद्यापासून... आजपासून चला. तुम्ही सांगाल तसं करू. तिथं जाऊ, ती भिंत खरवडून काढू..."

"भरलेली भिंत खरवडून जागा थोडीच भेटते?" तो शांतपणे म्हणाला. "आन मले कायले बोलावतं? तुह्याइथं माही जागा त भरली. माणूस उभा आहे ना तुह्यामागं."

मी हात जोडले. आयुष्यात मी कोणापुढे हात जोडले नव्हते. बिसरामचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता आणि त्याचा तो अधू डोळा पाण्याने भरला होता.

"डोळ्यात गेला रे त्याइच्या रंग," तो म्हणाला. "पुसून राहिले बिचारे. रुख्मा, फडकं भिजवून आण बरं."

रुख्माकाकूंनी विहिरीच्या पाण्यात स्वच्छ पांढरं फडकं बुडवलं, पिळलं आणि आणलं. कोणाला द्यायचं, म्हणून इकडेतिकडे बघितलं. बिसरामने ते घेतलं. माझ्या खांद्यावरून हात लांब केला आणि लहान लेकराचं तोंड पुसावं तसं हळूहळू, दोनदा, तीनदा, हवेत पुसलं. तोंडाने तो बारीक काहीतरी पुटपुटत होता. वर ते विमान पुन्हा एकदा घराच्या वरून गेलं.

मग त्याने फडक्याची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

फडक्यावर रंग उतरला होता, अठरा दिवसांपूर्वीचा तो हस्तिदंती. अजून ओला. आणि नुकतंच विहिरीच्या गार पाण्यात भिजवलेलं ते फडकं माझ्या हाताला गरम लागत होतं.